वगळलेली गल्ली

"आता एकच राहिलाय," मोठे साहेब पडद्याकडे बघत म्हणाले. "एवढा घालवा मॉडेलवाले, म्हणजे गंगेत घोडं न्हालं."

पडद्यावर शहर होतं. म्हणजे शहराची गटारं होती; खात्याच्या दृष्टीनं दोन्ही एकच. निळ्या रेघा म्हणजे जमिनीखालचे पाइप, आणि दोन रेघा जिथे मिळतात तिथला ठिपका म्हणजे चेंबर. संगणकावरच्या या मॉडेलमध्ये मोठा पाऊस पाडला की ज्या चेंबरमधून पाणी उसळून रस्त्यावर येईल तो ठिपका लाल होई, बाकीचे हिरवे राहत. वर्षाच्या सुरुवातीला हा नकाशा गोवर उठलेल्या पोरासारखा दिसत होता. मग पाइप मोठे झाले, नाले रुंद झाले, दोन मैदानांच्या पोटात पाणी साठवायच्या टाक्या बसल्या. हे सगळं अर्थात पडद्यावरच. पण ठिपके हिरवे होत गेले, आणि खात्यात ज्याला त्याच्या लांबलचक हुद्द्याऐवजी नुसतं 'मॉडेलवाले' म्हणत, त्या पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच आपण काहीतरी बरं करतो आहोत असं वाटायला लागलं होतं.

उरलेला लाल ठिपका त्याच्या सख्ख्या बहिणीच्या दारात होता.

हे साहेबांना ठाऊक नव्हतं. त्यानं सांगितलंही नाही. तिथला पाइप फक्त एक माप मोठा केला तर काम होईल, एवढंच तो म्हणाला. साहेबांनी समजावलं की आराखड्यातला पैसा बाजाराच्या रस्त्यावर संपला आहे, आणि कुठल्या तरी बोळातल्या मनगटाएवढ्या पाइपासाठी मंजुरी अडवून धरणं म्हणजे वरातीत नवरदेवाच्या बुटाला पॉलिश करत बसणं. बोळाचं दुसऱ्या टप्प्यात बघू. तोवर साधं करा.

'साधं करणं' ही खात्यातली रीत होती. खऱ्या शहराखाली पाइपांची इतकी गुंतवळ असते की सगळी नकाशात घातली तर संगणक मान टाकतो. म्हणून बारीकसारीक पाइप काढून टाकायचे. यात पाप काही नाही, सगळे करतात. अट एकच. पाइप काढला तरी त्या गल्लीतली छपरं, अंगणं आणि रस्ता यांवर पडणारा पाऊस पुढच्या चेंबरला जोडून द्यायचा. अशा जमिनीच्या तुकड्याला खात्यात पाणलोट म्हणतात. पाइप वगळता येतो, पाणलोट वगळता येत नाही. हे पहिल्या दिवशी शिकवलेलं असतं, आणि पहिल्या दिवशी शिकवलेलं सगळं जसं जातं तसं तेही जातं.

त्यानं बहिणीच्या गल्लीचा पाइप काढला, चेंबर काढलं आणि पाणलोट पुढच्या चेंबरला जोडला. पुढचं चेंबर लाल झालं. तिथून काढून त्याच्या पुढच्याला जोडला. तेही लाल झालं. लाली एखाद्या अफवेसारखी दारोदार हिंडायला लागली. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर ती मोठ्या साहेबांच्याही साहेबांच्या फाटकाशी पोचली असती. तेव्हा त्यानं पाणलोट कशालाच न जोडता मधेच सोडून दिला. पडद्यावर एक चौकट उघडली. या पाणलोटाचं पाणी कुठेही जात नाही, काढून टाकायचा का, असं तिनं सभ्यपणे विचारलं होतं.

तो जरा वेळ चौकटीकडे बघत बसला. मंजुरी मिळेपर्यंतच, असं मनाशी म्हणाला. दुसऱ्या टप्प्यात परत घालू. आणि त्यानं होकार दिला.

नकाशा हिरवागार झाला. खाली पाण्याचा हिशोब आला: पडलेला पाऊस, वाहून गेलेलं पाणी, आणि दोहोंतली तफावत शून्य. इतक्या वर्षांत त्याच्या कुठल्याच मॉडेलमध्ये तफावत शून्य आली नव्हती. कुठेतरी थोडं पाणी हरवायचंच. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि चहा मागवला.

*

ताई त्याच गल्लीत तळमजल्यावर राहायची आणि शर्टांच्या कॉलरी शिवायची. नुसत्या कॉलरी. बाकीचा शर्ट कारखान्यात कुणीतरी शिवे. आपण शिवलेल्या कॉलरी गळ्यात घालून गावात इतकी माणसं हिंडतात, पण एकाचाही चेहरा आपल्याला माहीत नाही, असं ती म्हणे आणि स्वतःच हसे. नवऱ्यामागे तिनं या एका खोलीत याच मशीनवर आयुष्य काढलं होतं. धाकट्या भावाचं कॉलेजही त्या मशीनवरच शिवून निघालं होतं, पण हे ती बोलून दाखवत नसे. तो तिच्यासमोर अजून 'छोट्या'च होता.

गेल्या पावसाळ्यात तिच्या घरात गुडघाभर पाणी शिरलं. कंबरेच्या दुखण्यामुळे तिला चालवत नव्हतं, म्हणून शेजाऱ्यांनी तिला कपडे धुवायच्या टबात बसवून बाहेर काढलं. पाण्यापेक्षा तो टब तिच्या जास्त जिव्हारी लागला. त्यानंतर घरात बसून ठरलं की आणखी एकदा जरी पाणी आत आलं तर ताईनं ती खोली सोडायची आणि भावाकडे राहायला यायचं. बायकोनं कपाटातला एक कप्पा रिकामाही करून ठेवला. ताई एकदा येऊन तो कप्पा बघून गेली. चांगला आहे म्हणाली, पण माणसं स्मशानाची जागा बघून येतात तशा आवाजात.

मंजुरीची बातमी कळल्यावर तिनं त्याला समोर बसवून विचारलं.

"छोट्या, तुझ्या त्या नकाशात माझं घर लाल आहे का रे?"

"नाही," तो म्हणाला. "आता नाही."

त्याला खोटं बोलता येत नसे, आणि हे तर अक्षरशः खरं होतं.

"मग झालं तर," ताई म्हणाली. "तुझ्या बायकोला सांग, कप्प्यात खुशाल तिच्या चादरी ठेव म्हणावं."

*

पावसाळा सुरू झाला तेव्हा तो खिडकीत उभा राहून ताईच्या फोनची वाट बघत होता. बाहेर नुसती धार लागली होती. ताईच्या दारात रेतीची पोती लावून ये, असं बायको सकाळपासून सांगत होती. तो निघणार तेवढ्यात फोन आला. ताई खुशीत होती. पाण्याचा टिपूस आत आला नाही, गल्लीतले सगळे तुझं नाव काढताहेत, समोरच्या बाई तर म्हणाल्या की असा भाऊ असावा. त्यानं ते कौतुक ऐकून घेतलं. तिथे पाइप बदललेला नाही, कुदळीचा एक घावही पडलेला नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण पाण्याचा भरवसा नसतो, या वेळी दुसरीकडे वळलं असेल, असं म्हणून तो जेवायला बसला.

दुसऱ्यांदा जोराचा पाऊस झाला तेव्हा मात्र तो स्वतः गेला. मुख्य रस्त्यावर छत्री उलटी होत होती, पॅन्ट मांडीपर्यंत भिजली होती. गल्लीच्या तोंडाशी वळला आणि छत्रीवरचा आवाज एकदम थांबला.

पाऊस थांबला असेल म्हणून त्यानं मागे बघितलं. मागे तो तसाच कोसळत होता. रस्त्यावर आडवी पाण्याची कड दिसत होती, टेबलावर कापड पसरावं तशी सरळ, आणि तिच्या अलीकडे जमीन पांढरी, कोरडी, धुळीनं भरलेली. त्यानं हात पुढे केला. मनगटापर्यंत भिजला, मनगटापासून वर नाही. ती कड त्याच्या ओळखीची होती. पाणलोटाची हद्द त्यानं स्वतःच आखली होती. कोपऱ्यावरच्या दुकानाशी हात हलला म्हणून तिथे जरा वाकडी गेली होती. इथेही ती तिथेच वाकडी होती.

वर बघायचं त्याला धाडस झालं नाही.

गल्लीतल्या लोकांना याचं फारसं काही वाटलेलं दिसलं नाही. माणसाला फुकट मिळालेल्या सुखाची चौकशी करायची सवय नसते. इस्त्रीवाल्यानं टेबल थेट रस्त्याच्या मधोमध आणून टाकलं होतं, आणि आजूबाजूच्या चार गल्ल्यांचे ओले कपडे त्याच्याकडे वाळायला आले होते. या खिडकीतून त्या खिडकीत दोऱ्या बांधल्या होत्या. इस्त्रीवाला मॉडेलवाल्याला बघून उठून उभा राहिला आणि साहेब, तुम्ही माझं सोनं केलंत, म्हणाला. त्यानं पैसे न घेता त्याची ओली पॅन्ट तिथल्या तिथे अंगावरच इस्त्री करून देण्याची तयारी दाखवली. गरज पडली नाही. ताईच्या दारापर्यंत पोचेतो पॅन्ट वाळून खडखडीत झाली होती.

*

पुढे पाऊस वाढत गेला आणि गल्ली वाळत गेली.

आधी भिंतींवरचं शेवाळ पोपडे होऊन पडलं. मग कुंड्यांतल्या झाडांनी माना टाकल्या. नळाचं पाणी घातलं तर माती ते पिई, पण ओली दिसत नसे. दारांच्या लाकडाला चिरा गेल्या. रातकिडे, बेडूक, डास, पावसाळ्यात जे जे ओरडतं आणि चावतं ते सगळं नाहीसं झालं, आणि गल्लीत एक शांतता आली. मुख्य रस्त्यावरचा पावसाचा आवाजही कडेपर्यंत येऊन थांबे. इस्त्रीवाल्याचे निखारे तेवढे फुटत.

ताईच्या मशीनवर दोरा टिकेना. कॉलरीच्या टोकाशी सुई वळली की तो तुटायचा. तिनं दोरा बदलला, सुई बदलली, तेल घातलं. कापड हाताला चिकटायचं आणि सोडवताना चटचट ठिणग्यांसारखा आवाज करायचं. ती फोनवर हे सगळं हसत सांगे. एकदा म्हणाली, "बाकी एक फायदा झालाय. कांदा चिरला तरी डोळ्याला पाणी येत नाही."

तो हसला नाही.

खात्यात मात्र आनंदीआनंद होता. शहरात इतर ठिकाणी पाणी तुंबायचं ते तुंबलंच, कारण मंजूर झालेले पाइप अजून पडद्यावरून जमिनीत उतरायचे होते. पण एक गल्ली अशी होती की जिथे एक थेंबही साचला नाही. मोठे साहेब तिथे पाहुणे घेऊन जायला लागले. इतर शहरांतले लोक येत, कोरड्या जमिनीवर बूट आपटून बघत, आणि नेमकं काय केलंत असं विचारत. नियोजन, असं साहेब सांगत.

त्याच सुमाराला ताईच्या समोरच्या बाई गेल्या. वय झालं होतं. दुपारी पडल्या त्या उठल्या नाहीत. तो बायकोला घेऊन गेला. गल्लीच्या तोंडाशी बाईंची लेक गाडीतून उतरत होती. भर पावसात, दोन माणसांच्या आधारानं, ऐकणाऱ्याच्या काळजाला घरं पडतील अशी रडत ती येत होती. तिनं कड ओलांडली आणि तिचं रडणं थांबलं. म्हणजे तोंड तसंच वेडंवाकडं राहिलं, खांदे हलत राहिले, पण डोळे एकदम कोरडे झाले. तिनं गालांवरून हात फिरवला आणि हाताकडे बघितलं.

आत सगळे तसेच बसले होते. बाईंचा मुलगा, सून, शेजारचे, ताई. कुणाच्याच डोळ्यांत पाणी नव्हतं. सगळे एकमेकांकडे चोरून बघत होते, आणि आपल्यासारखंच दुसऱ्याचंही होतंय हे कळल्यावर बरं वाटण्याऐवजी मान फिरवत होते. लेक आईच्या पायाशी बसून राहिली. थोड्या वेळानं तिनं हळूच सुनेला विचारलं, चहा आहे का. मग बाईंना उचलून गल्लीबाहेर नेलं, आणि कड ओलांडल्याबरोबर पावसात सगळ्यांनी एकदम हंबरडा फोडला. रस्त्यावरचे लोक दचकून बघायला लागले.

ताई गल्लीतच राहिली होती, कंबरेमुळे. ती दारात उभी होती. तो परत आला तेव्हा म्हणाली, "सगळा जन्म समोरासमोर काढला रे आम्ही. आणि मी तिच्याकडे लाकडासारखी बघत बसले."

ती त्याच्याकडे वळली.

"तू केलंस ना हे?"

"हो."

"माझ्यासाठी?"

याचं उत्तर त्याला नीट माहीत नव्हतं. तो म्हणाला, "ठिपका जाईना."

"मग तो ठिपका परत आण," ताई म्हणाली. "पाणी आत आलं तर येऊ दे. टबात बसेन मी. पण मला इथं असं मरायचं नाहीये."

*

दुसऱ्याच दिवशी त्यानं आपल्या संगणकावर तो पाणलोट पुन्हा आखला. तीच हद्द, कोपऱ्यावर तशीच वाकडी. चेंबर घातलं, पाइप घातला, जोडणी केली. ठिपका लगेच लाल झाला. लाल रंग बघून कुणाला इतका आनंद झाल्याचं खात्यात पूर्वी घडलं नसावं. तो तडक गल्लीत गेला. मुख्य रस्त्यावर पाऊस पडत होता, गल्लीत इस्त्रीवाला धूळ बसावी म्हणून पाणी शिंपडत होता आणि धूळ बसत नव्हती. आभाळ बहुधा नकाशाच्या मंजूर प्रतीवरून चालत असावं.

मंजूर प्रत बदलायचा अधिकार मोठ्या साहेबांना होता. त्यानं त्यांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. पाणलोट कसा काढला, कड कुठे आहे, दोरा कसा तुटतो, बाईंच्या मुलीनं चहा कसा मागितला. आपली बहीण तिथे राहते, हेही सांगितलं. साहेबांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं की पाणी तुंबत नाही अशी तक्रार आजवर कुणी केली आहे का. आणि पाऊस पाडणं आपल्या खात्याकडे कधीपासून आलं. पण हे त्यांनी सवयीनं विचारलं. त्यांचं लक्ष खिडकीबाहेर होतं.

मग ते उठले, दार लावून घेतलं, आणि परत बसले.

"मागच्या आराखड्याच्या वेळी मी तुमच्या खुर्चीवर होतो," ते म्हणाले. "तेव्हा टेकडीमागचा भाग मी साधा केला. तुमच्यासारखाच. जोडला नाही कशाला. तिथे वस्ती नव्हतीच, अशी माझी समजूत."

"टेकडीमागे काय आहे?" त्यानं विचारलं.

"काही नाही. मोकळं आहे. पण माझी आई मरेपर्यंत मला विचारायची, टेकडीमागे आत्याकडे जाऊन आलास का. आम्ही म्हणायचो, आई, आम्हाला आत्या नाही. डॉक्टर म्हणाले, वयोमानानं होतं." साहेबांनी टेबलावरचा टाचणीचा डबा उचलला, हलवून बघितला आणि परत ठेवला. "आता तुम्ही हे सांगताय, आणि मला वाटतंय, म्हातारी बरोबर होती."

त्यांनी मंजूर प्रतीची फाइल पुढे ओढली.

"प्रत बदलायची तर वर पाठवावी लागेल," साहेब म्हणाले. "वर काय लिहू? तुम्हीच सांगा."

त्यानं लिहायला पेन उघडलं आणि परत टोपण लावलं. साहेबांनी मान हलवली, ठीक आहे म्हणाले, आणि तो दाराशी पोचल्यावर पुन्हा हाक मारली. "मॉडेलवाले, तुमच्या ताईंना तिथून आधी हलवा."

*

घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला की उद्या ताईला घेऊन येतो. बायको कपाट आवरत होती.

"कोण ताई?" तिनं विचारलं.

तिनं थट्टा केली नव्हती. एखादा अनोळखी माणूस दार वाजवतो तेव्हा आपण विचारतो, तसं साधं विचारलं होतं. तो तिच्याकडे बघत राहिला. काही क्षणांनी ती स्वतःच दचकली, अगं बाई, आपल्या ताई, मला झालंय तरी काय, म्हणून हसली, आणि घाईघाईनं कप्प्यातल्या चादरी काढायला लागली.

तो खुर्चीत बसून ताईचा चेहरा आठवायला लागला. हात आठवले. सुई ओवताना मिटलेला एक डोळा आठवला. कॉलरीचं टोक उलटवायची तिची काडी आठवली. चेहरा आला, पण यायला वेळ लागला.

सकाळीच तो गल्लीत पोचला. ताईनं नेहमीप्रमाणे काम मांडलं होतं आणि तुटलेल्या दोऱ्यांचा पायाशी ढीग झाला होता. चल, असं तो म्हणाल्यावर तिनं मान वर केली नाही.

"आपलं ठरलं होतं, पाणी आलं तर जायचं," ती म्हणाली. "पाणी आलंय का?"

"नाही."

"भिंत बघ. फरशी बघ. नवऱ्यानं घर घेतलं तेव्हाही एवढं कोरडं नव्हतं. मग मी का जायचं?"

त्यानं साहेबांची आत्या, टेकडी, मंजूर प्रत, सगळं सांगून पाहिलं. ती ऐकत होती आणि दोरा ओवत होती. आभाळ तुझ्या साहेबाचं नोकर आहे का, असं म्हणाली. शेवटी त्याला जे सांगायचं नव्हतं ते त्यानं सांगितलं.

"काल हिला म्हटलं, ताईला आणतो. तर ही म्हणाली, कोण ताई."

ताईचा हात थांबला. तिनं त्याच्याकडे नीट निरखून बघितलं, लहानपणी तो ताप आलाय म्हणून शाळा चुकवायचा तेव्हा बघायची तसं.

"आणि तुला?" तिनं विचारलं. "तुला आठवते ना मी?"

"आठवतेस," तो म्हणाला. "जरा वेळ लागतो."

तिनं सुईतला दोरा काढून रिळाला गुंडाळला, शिवून झालेल्या कॉलरी मोजून एकात एक बसवल्या, कारखान्याच्या पिशवीत घातल्या आणि पिशवीचं तोंड बांधलं. मग मशीनवर झाकण ठेवलं.

निघताना त्यानं इस्त्रीवाल्याला बाजूला घेऊन सांगितलं की जमेल तेवढ्या लवकर इथून हल, इतरांनाही सांग. इस्त्रीवाला हसला. साहेब, एवढा धंदा जन्मात झाला नाही, आता तुम्हीच दिलंत आणि तुम्हीच उठवताय, असं म्हणून त्यानं ताईच्या हातात पिशवीभर कपडे ठेवले. जाताजाता कोपऱ्यावरच्या दुकानात द्या म्हणाला. ताईनं घेतले.

तो मशीन खांद्यावर घेऊन पुढे चालत होता. ती एका हातानं भिंतीला धरत, थांबत थांबत मागून येत होती. टबात बसवून न्यायला तिनं या वेळी कुणाला बोलावू दिलं नव्हतं. कडेशी आल्यावर त्यानं तिला छत्री उघडून दिली. तिनं ती कपड्यांच्या पिशवीवर धरली आणि स्वतः तशीच पावसात शिरली.

*

पावसाळा संपल्यावर दुसऱ्या टप्प्याची बैठक झाली. मोठ्या साहेबांनी प्रत बदलण्याचा विषय काढला. कुठल्या गल्लीसाठी, असं वरच्यांनी विचारलं तेव्हा साहेब नकाशावर बोट फिरवत राहिले, आणि मग त्याच्याकडे बघून म्हणाले, "मॉडेलवाले, तुम्हीच काहीतरी म्हणत होतात ना?" तिथे दोन दुकानांच्या पाठी एकमेकींना चिकटलेल्या दिसत होत्या. विषय पुढच्या बैठकीला ठेवला गेला.

त्या संध्याकाळी तो तिकडे गेला. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं सांगितलं की इथे गल्ली वगैरे नाही, ही फट आहे, मांजरं जातात. तो फटीतून आडवा होऊन आत शिरला.

आत गल्ली होती. दारं होती, दोऱ्या होत्या, दोऱ्यांवर चिमटे होते. कपडे नव्हते. इस्त्रीवाल्याच्या टेबलाच्या चार पायांचे चार ठसे रस्त्याच्या मधोमध उमटलेले होते आणि टेबल नव्हतं. त्यानं हाक मारली. आवाज तोंडातून निघाला आणि तिथेच, फार दूर न जाता, पडला. माणसं गेली की जायची राहून गेली, हे सांगायला कुणी नव्हतं. त्यांच्यापैकी कुणाचं नाव आपल्याला आठवतं का, हे बघायचा त्यानं प्रयत्न केला आणि मग घाबरून सोडून दिला.

ताईच्या दाराला कुलूप होतं. दारापासून फटीपर्यंत धुळीत पावलं उमटली होती. त्याची स्वतःची, मशीनच्या ओझ्यानं टाचेशी खोल गेलेली. आणि मागून तिची, लहान, एक सरळ आणि एक जरा घासत आलेलं. जिथे ती दमून थांबली होती तिथे दोन्ही शेजारी शेजारी होती. त्यानंतर उरलेला सगळा पावसाळा होऊन गेला होता, पण चपलेच्या तळव्यावरची नक्षीसुद्धा कालच्यासारखी स्पष्ट दिसत होती.

परत जाताना तो भिंतीला पाठ घासत कडेकडेनं चालला, तिच्या पावलांवर पाय पडू नये म्हणून.